कोरडवाहू भागातून ‘ड्राय’ शिकताना

‘वेट’ म्हणजे ओला आणि ‘ड्राय’ म्हणजे कोरडा. विरुद्धार्थी शब्दांच्या यादीतली ही जोडी प्राथमिक शाळेतच पाठ होते. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीच्या वर्गापासून इंग्रजी शिकवलं जातं. त्यामुळे धाराशिव जिल्ह्यात परंड्यापासून उमरग्यापर्यंतच्या आजच्या तरुण पिढीच्या कानावर हा शब्द अगदी लहानपणी पडलेला आहे. इतक्या लवकर पाठ झालेला शब्द पुढे कुणी पुन्हा उघडून पाहत नाही. अडचण मोठेपणी येते. जनावरांच्या नोंदीत म्हशीपुढे ‘ड्राय’ लिहिलेलं असतं, औषधाच्या बाटलीवर ‘ड्राय कफ’ असतं, पीकविम्याच्या माहितीपत्रकात ‘ड्राय स्पेल’ येतो आणि एखाद्या लेखकाच्या ‘ड्राय ह्यूमर’ची कुणी तारीफ करतं. ‘कोरडा’ हा एकच अर्थ घेऊन बसलं तर यातलं निम्मं कळतं आणि निम्मं चुकीचं कळतं.

दहावी-बारावीचे विद्यार्थी, स्पर्धा परीक्षांची तयारी करणारे तरुण, कृषी, पशुवैद्यक आणि परिचर्या शाखांकडे जाणारी मुलंमुली आणि त्यांना शिकवणारे शिक्षक यांच्यासाठी हा लेख आहे. एकच विशेषण घेऊन ते मुळापासून शिकायचं, एवढंच यात करायचं आहे. ‘ड्राय’ मुद्दाम निवडला, कारण कोरडेपणाचे जितके प्रकार धाराशिव जिल्ह्यातल्या माणसाला ठाऊक आहेत तितके फार थोड्या लोकांना ठाऊक असतील. आपल्या बोलीत त्या प्रत्येकाला वेगळा शब्द आहे. ते धन इंग्रजी शिकताना कामाला लावता येतं.

इथे काय नाही?

मराठीत विहीर कोरडी असते, पान वाळलेलं असतं, बोंबील सुके असतात, झरा आटलेला असतो, म्हैस भाकड असते, शेत कोरडवाहू असतं आणि भाषण रुक्ष असतं. या सातही ठिकाणी इंग्रजीत ‘ड्राय’ किंवा त्याच कुळातला शब्द येतो. म्हणून ‘ड्राय’चा मराठी प्रतिशब्द पाठ करण्यापेक्षा एक प्रश्न पाठ करावा: इथे काय नाही?

‘ड्राय’ हे विशेषण जिथे येतं तिथे एखादी अपेक्षित गोष्ट नसल्याचं ते सांगतं. नदीत पाणी अपेक्षित, ते नाही. म्हशीला दूध अपेक्षित, ते नाही. पावसाळ्याच्या दिवसात पाऊस अपेक्षित, तो नाही. भाषणात रस अपेक्षित, तो नाही. काय नाही ते पुढचं नाम सांगतं. त्यामुळे ‘ड्राय’ कधीही एकटा शिकू नये, नामासकट जोडीने शिकावा: ड्राय वेल, ड्राय काउ, ड्राय डे, ड्राय स्पीच. जोडी समोर आली की प्रश्न विचारायचा, उत्तर मिळालं की मराठी शब्द आपोआप सुचतो.

शेत आणि पाऊस

सुरुवात ओळखीच्या जागेपासून करू. ‘ड्रायलँड फार्मिंग’ म्हणजे कोरडवाहू शेती. इथे सिंचन नाही, पीक पावसाच्या भरवशावर आहे. याच अर्थाने ‘रेनफेड’ हेही विशेषण वापरतात. कृषी विद्यापीठाच्या इंग्रजी पुस्तिकांत दोन्ही शब्द सारखे येतात. मात्र ‘ड्राय लँड’ असे दोन सुटे शब्द असतील तर अर्थ बदलू शकतो. समुद्राच्या संदर्भात ‘ऑन ड्राय लँड’ म्हणजे पाण्याबाहेर, जमिनीवर.

‘ड्राय सोइंग’ म्हणजे धूळपेरणी. पाऊस पडण्याआधी, जमिनीत ओल नसताना केलेली पेरणी. ‘ड्राय फॉडर’ म्हणजे कडब्यासारखा वाळलेला चारा, आणि त्याच्या उलट ‘ड्राय’ऐवजी ‘ग्रीन’ येतं, ‘वेट’ नव्हे. चाऱ्याच्या बाबतीत विरुद्धार्थी शब्द ‘ग्रीन’ होतो हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. यादीतली ‘वेट–ड्राय’ जोडी सगळीकडे चालत नाही.

‘ड्राय स्पेल’ म्हणजे पावसाचा खंड. २०१६ च्या खरिपापासून सुरू झालेल्या प्रधानमंत्री पीकविमा योजनेच्या नियमांत ‘ड्राउट’ आणि ‘ड्राय स्पेल’ ही जोखमीची दोन वेगवेगळी कारणं दिलेली आहेत. ड्राउट म्हणजे दुष्काळ, ड्राय स्पेल म्हणजे हंगामाच्या मध्ये पडलेली पावसाची उघडीप. अर्ज किंवा तक्रार लिहिताना या दोन शब्दांची अदलाबदल करू नये.

इथेच आपली एक नेहमीची चूक होते. ‘कोरडा दुष्काळ’चं भाषांतर ‘ड्राय ड्राउट’ असं केलं जातं. ‘ड्राउट’ या नामातच पाण्याचा अभाव आहे, म्हणून त्याच्यामागे ‘ड्राय’ लागत नाही. नुसतं ‘ड्राउट’ लिहावं. ‘ओला दुष्काळ’ मात्र अधिक अवघड आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये परंडा-भूम भागात अतिवृष्टी आणि पुराने हातची पिकं गेली, तेव्हा ओल्या दुष्काळाची मागणी घरोघर ऐकू येत होती. त्याचं इंग्रजी ‘वेट ड्राउट’ असं आपल्याकडच्या काही बातम्यांत दिसतं, पण महाराष्ट्राबाहेरच्या वाचकाला ते कळत नाही. पाणी नसणं आणि पाणी असणं हे दोन्ही एकाच शब्दात कसं, असा प्रश्न त्याला पडतो. म्हणून तिथे अर्थ उलगडून लिहावा: ‘क्रॉप लॉस ड्यू टू एक्सेसिव्ह रेन’, म्हणजे अतिपावसाने झालेलं पिकाचं नुकसान.

हवामान खात्याच्या इंग्रजी अंदाजात ‘ड्राय’ला नेमका अर्थ आहे. त्या विभागातल्या एकाही केंद्रावर पाऊस नोंदला गेला नाही, तर तिथलं हवामान ‘ड्राय’ म्हणतात. अंगाला घामाच्या धारा लागलेल्या असतील, हवा दमट असेल, तरीही पाऊस नाही म्हणून तो दिवस ‘ड्राय’. आपला प्रश्न इथेही चालतो: काय नाही? पाऊस नाही. हवेत दमटपणा नाही असं म्हणायचं असेल तर ‘ड्राय एअर’ म्हणावं लागेल.

हमीभाव खरेदी केंद्रावर सोयाबीन नेताना ‘ड्राय’चा अजून एक धडा मिळतो. तिथे ओलाव्याची नेहमीची मर्यादा १२ टक्के असते, २०२४ च्या हंगामात केंद्र सरकारने ती १५ टक्क्यांपर्यंत शिथिल केली होती. म्हणजे धान्याच्या बाबतीत ‘ड्राय’ याचा अर्थ पाण्याचा थेंबही नाही असा होत नाही. ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त ओलावा नाही, एवढाच होतो. अशा ठिकाणी ‘ड्राय’पेक्षा ‘ड्राइड’ हा शब्द अधिक येतो, कारण धान्य वाळवण्याची क्रिया पूर्ण झालेली असते. ‘वेल ड्राइड’ म्हणजे चांगलं वाळवलेलं.

‘ड्राय’ आणि ‘ड्राइड’ यांतला फरक असाच मनात पक्का करावा. ‘ड्राय’ स्थिती सांगतं, ‘ड्राइड’ त्या स्थितीपर्यंत आणणारी क्रिया सांगतं. ‘अ ड्राय रिव्हर’ म्हणजे आत्ता पाणी नसलेली नदी. ‘अ ड्राइड-अप रिव्हर’ म्हणजे आटून गेलेली नदी. वाळवलेल्या मिरच्या ‘ड्राइड चिलीज’, सुकवलेली मासळी ‘ड्राइड फिश’. आपण काजू, बदाम, मनुका या सगळ्यांना मिळून ‘ड्राय फ्रूट’ म्हणतो. ब्रिटनमध्ये ‘ड्राइड फ्रूट’ म्हणजे मनुका, अंजीर, जर्दाळू अशी सुकवलेली फळं. काजू-बदाम तिथे ‘नट्स’मध्ये जातात. परदेशी पाहुण्याशी बोलताना हा फरक कामी येतो.

गोठ्यात

पशुसंवर्धन विभागाच्या नोंदींत गायी-म्हशींपुढे ‘इन मिल्क’ किंवा ‘ड्राय’ असं लिहिलेलं असतं. ‘इन मिल्क’ म्हणजे दुभती, ‘ड्राय’ म्हणजे सध्या दूध न देणारी, भाकड. इथे काय नाही याचं उत्तर सरळ आहे. पण एक काळजी घ्यावी लागते. भाकड आणि वांझ एक नव्हे हे शेतकऱ्याच्या घरात कुणाला सांगावं लागत नाही. इंग्रजीत लिहिताना मात्र घाईत ‘ड्राय’च्या जागी ‘बॅरन’ लिहिलं जातं. ‘बॅरन’ म्हणजे गाभण न राहणारी. ‘ड्राय’ गाय गाभण असू शकते, नव्हे बहुतेकदा असते. विण्याआधी सुमारे दोन महिने गाय आटवतात, म्हणजे तिचं दूध काढणं बंद करतात, जेणेकरून कासेला विश्रांती मिळावी आणि पोटातल्या वासराला पोषण मिळावं. या काळाला इंग्रजीत ‘ड्राय पीरिअड’ म्हणतात आणि आटवण्याच्या क्रियेला ‘ड्राइंग ऑफ’. विम्याच्या किंवा कर्जाच्या कागदावर ‘ड्राय’ ऐवजी ‘बॅरन’ गेलं तर चांगल्या जनावराची किंमत कमी ठरू शकते.

जिल्ह्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या उस्मानाबादी शेळीविषयी इंग्रजीत लिहितानाही हीच शब्दयोजना चालते: ‘अ ड्राय डो’ म्हणजे सध्या दूध न देणारी शेळी. जिल्ह्याचं नाव २०२३ मध्ये अधिकृतपणे धाराशिव झालं तरी शेळीच्या जातीचं नाव ‘उस्मानाबादी’च आहे, तेही तसंच लिहावं.

घर, ताट आणि दवाखाना

‘ड्राय ब्रेड’ म्हणजे लोणी किंवा मुरंबा न लावलेला पाव. कोरडी भाकर म्हणताना आपल्यालाही हेच म्हणायचं असतं: सोबत कालवण नाही. म्हणून ‘ही एट ड्राय भाकरी’ हे वाक्य मराठी माणसाने लिहिलं तर इंग्रजी वाचकाला त्याचा अर्थ लागतो. आपल्याकडच्या अनेक घरांत भाकरीबरोबरच्या आमटी-भाजीला कोरड्यास म्हणतात. नावात कोरडं असलं तरी तो पदार्थ भाकरीचा कोरडेपणा घालवण्यासाठीच असतो. त्याचं भाषांतर करताना ‘ड्राय’ आणू नये, ‘करी’ किंवा ‘साइड डिश’ म्हणावं. सुकी भाजी मात्र ‘ड्राय’च: तिच्यात रस्सा नाही.

दवाखान्यात या शब्दाचा गोंधळ अधिक होतो, कारण तिथे ‘कफ’ हा शब्द दोन भाषांत दोन अर्थांनी वावरतो. मराठीत कफ म्हणजे छातीत साठणारा चिकट स्राव. इंग्रजीत ज्याचा उच्चार साधारण ‘कॉफ’ होतो आणि आपण ‘कफ’ म्हणतो, तो म्हणजे खोकला. ‘ड्राय कफ’ म्हणजे कोरडा खोकला: खोकला आहे, बेडका नाही. कफ पडत असेल तर त्याला ‘वेट कफ’ किंवा ‘प्रॉडक्टिव्ह कफ’ म्हणतात. दोन्हींवरची औषधं वेगळी असतात. म्हणून बाटलीवरचा शब्द नीट वाचावा आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

घशाला कोरड पडली असेल तर ‘माय थ्रोट इज ड्राय’. तोंड कोरडं पडत असेल तर ‘आय हॅव अ ड्राय माउथ’. तहान लागली असेल तर ‘आय ॲम थर्स्टी’. ‘आय ॲम ड्राय’ असं तहानेसाठी म्हणू नये. पावसातून आलेल्या माणसाने ‘आय ॲम ड्राय’ म्हटलं तर त्याचा अर्थ मी भिजलो नाही असा होतो. जुलाब-उलट्यांनी शरीरातलं पाणी कमी झालं असेल तर ‘डीहायड्रेटेड’ हा शब्द वापरावा. उन्हाळ्यात शेतावरून आलेल्या माणसाविषयी सांगताना हा शब्द जीवनावश्यक ठरू शकतो.

कचरा, दारू आणि तालीम

२०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनंतर ओला कचरा आणि सुका कचरा हे शब्द घराघरांत पोचले. इंग्रजीत ‘वेट वेस्ट’ आणि ‘ड्राय वेस्ट’. इथे ‘ड्राय’चा संबंध स्पर्शाला लागणाऱ्या ओलेपणाशी कमी आणि कुजण्याशी जास्त आहे. पावसात भिजलेली प्लास्टिकची पिशवी ‘ड्राय वेस्ट’मध्येच जाते आणि वाळलेली भाजीची देठं ‘वेट वेस्ट’मध्ये. काय नाही? लवकर कुजण्याचा गुण नाही.

‘ड्राय डे’ हा शब्द तर आपल्या बोलण्यात मुरला आहे. २ ऑक्टोबरला किंवा मतदान संपण्याच्या आधीच्या ४८ तासांत दारूविक्री बंद असते. भारतात ‘ड्राय डे’ म्हणजे दारूबंदीचा दिवस. इंग्लंडमधल्या माणसाला मात्र त्याच शब्दांतून पाऊस नसलेला दिवस आधी आठवतो. प्रदेशाच्या बाबतीतही असंच आहे. गुजरातला ‘ड्राय स्टेट’ म्हणतात, १९९३ पासून दारूबंदी असलेल्या गडचिरोलीला ‘ड्राय डिस्ट्रिक्ट’ म्हणतात.

आता धाराशिवच्या उमेदवाराने हे ध्यानात घ्यावं. मुलाखतीत ‘तुमच्या जिल्ह्याविषयी सांगा’ हा प्रश्न हमखास येतो. २०१८ मध्ये आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत महाराष्ट्रातल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबादचं नाव आल्यापासून तर हा प्रश्न अधिक बारकाईने विचारला जाऊ शकतो. उत्तरात ‘आय कम फ्रॉम अ ड्राय डिस्ट्रिक्ट’ म्हटलं की समोरचा दारूबंदी समजतो. म्हणायचं असतं अवर्षणाविषयी. त्यासाठी इंग्रजीत ‘ड्राउट-प्रोन’ म्हणजे दुष्काळप्रवण, ‘लो-रेनफॉल’ म्हणजे कमी पावसाचा आणि ‘सेमी-ॲरिड’ म्हणजे निमशुष्क ही अचूक विशेषणं आहेत. ‘सेमी-ॲरिड’ हा शास्त्रीय शब्द आहे. १९७२ मध्ये हैदराबादजवळ पटनचेरू इथे स्थापन झालेल्या ‘इक्रिसॅट’ या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेच्या नावातच तो आहे. उत्तर असं द्यावं: ‘आय कम फ्रॉम धाराशिव, अ ड्राउट-प्रोन डिस्ट्रिक्ट इन मराठवाडा.’

‘ड्राय रन’ म्हणजे रंगीत तालीम. जानेवारी २०२१ मध्ये कोविड लसीकरण सुरू होण्याआधी देशभर ‘ड्राय रन’ झाला. केंद्रं मांडली, नावं नोंदवली, सगळी प्रक्रिया करून पाहिली, पण लस टोचली नाही. काय नाही याचं उत्तर इथे चटकन मिळतं: खरी कृती नाही.

माणसाच्या वागण्यातला कोरडेपणा

आतापर्यंत मराठी आणि इंग्रजी जवळजवळ हातात हात घालून चालत होत्या. इथे त्यांच्या वाटा वेगळ्या होतात.

‘तो माझ्याशी कोरडं बोलला’ असं मराठीत म्हणताना बोलण्यात माया नव्हती असं सांगायचं असतं. मराठीत ओलावा म्हणजे जिव्हाळा, म्हणून त्याचा अभाव कोरडा. इंग्रजीत जिव्हाळा ऊबदार असतो, ‘वॉर्म’ असतो, म्हणून त्याचा अभाव थंड होतो: ‘कोल्ड’. तेव्हा वरच्या वाक्याचं इंग्रजी ‘ही स्पोक टू मी कोल्डली’ असं होईल. ‘ड्रायली’ म्हटलं तर ऐकणाऱ्याला वाटेल की त्याने चेहरा न बदलता काहीतरी मार्मिक टोमणा मारला.

‘कोरडी सहानुभूती’ म्हणजे कृतीविना सहानुभूती. तिला इंग्रजीत ‘एम्प्टी सिम्पथी’ म्हणतात. स्वतः न आचरता दुसऱ्याला उपदेश करणाऱ्याला आपण ‘कोरडा पाषाण’ म्हणतो. इंग्रजीत ‘ही डझंट प्रॅक्टिस व्हॉट ही प्रीचेस’ असं सरळ सांगतात. दोन्ही ठिकाणी ‘ड्राय’ नाही.

उलट इंग्रजी ‘ड्राय’ माणसाच्या बुद्धीला लावला की तो कौतुकाचा होतो. ‘ड्राय ह्यूमर’ म्हणजे गंभीर चेहऱ्याने, आवाज न चढवता, जणू साधी माहिती देतोय अशा थाटात केलेला विनोद. काय नाही? विनोद करतोय याची खूण नाही. हे गुणवर्णन आहे. त्याच वेळी ‘अ ड्राय लेक्चर’ म्हणजे रुक्ष, कंटाळवाणं व्याख्यान, ही तक्रार आहे. विशेषण एकच, नाम बदललं की स्तुतीची निंदा होते. जोडीने शिकायचा आग्रह याच कारणासाठी आहे.

‘लीव्ह समवन हाय अँड ड्राय’ हा वाक्प्रचारही ऐकण्यात येतो. ओहोटीला पाणी मागे हटलं की नाव किनाऱ्यावर उंच, कोरडी अडकून राहते, त्यावरून तो आला. मराठीत आपण ‘वाऱ्यावर सोडणे’ म्हणतो. अर्थ एकच, चित्रं दोन. ही दोन्ही चित्रं मनात ठेवली तर शब्दशः भाषांतराचा मोह होत नाही.

वाक्यात बसवताना

अर्थ कळला तरी वाक्य चुकू शकतं. मराठीच्या सवयीमुळे होणाऱ्या पाच चुका टाळल्या तर पुष्कळ काम होतं.

पहिली गोष्ट, लिंग-वचनाची. मराठीत कोरडा, कोरडी, कोरडं, कोरडे, कोरड्या अशी रूपं होतात. इंग्रजीत ‘ड्राय’ कधीही बदलत नाही: ड्राय वेल, ड्राय वेल्स. इंग्रजीने इथे आपलं काम सोपं केलं आहे.

दुसरी, तुलनेची. मराठीत ‘पेक्षा’ लावला की विशेषण तसंच राहतं: ‘भूमपेक्षा परंडा कोरडा’. इंग्रजीत नुसता ‘दॅन’ पुरत नाही, विशेषणही बदलावं लागतं: ‘परंडा इज ड्रायर दॅन भूम’. ‘मोअर ड्राय’ किंवा ‘मोअर ड्रायर’ नको. सर्वांत कोरडा म्हणजे ‘द ड्रायेस्ट’. लिहिताना ‘वाय’ जाऊन ‘आय’ येतो, तेव्हा तुलनेचं रूप डी-आर-आय-ई-आर असं लिहावं. केस वाळवायच्या यंत्राच्या नावात मात्र ‘वाय’ कायम ठेवतात.

तिसरी, ‘व्हेरी’ आणि ‘टू’ची. ‘खूप’ म्हणायला आपण दोन्ही सारखेच वापरतो. ‘द सॉइल इज व्हेरी ड्राय’ म्हणजे जमीन खूप कोरडी आहे, एवढंच. ‘द सॉइल इज टू ड्राय’ म्हणजे इतकी कोरडी आहे की काहीतरी होऊ शकत नाही. मृगाचा पाऊसच न पडल्याने वापसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, आली नसेल तेव्हा ‘टू ड्राय’ बरोबर बसतं, कारण पेरणी अडलेली असते. ‘टू’नंतर काय अडलं ते मनात असलंच पाहिजे.

चौथी, ‘पडणे’ या क्रियापदाची. विहीर कोरडी पडते, म्हणून ‘द वेल फेल ड्राय’ असं लिहिलं जातं. इंग्रजीत विहीर पडत नाही, ती ‘रन’ होते: ‘द वेल रॅन ड्राय’. ‘वेंट ड्राय’ही चालतं. कोरडीठाक असेल तर ‘बोन-ड्राय’, म्हणजे हाडासारखी कोरडी. त्याच्यामागे ‘व्हेरी’ लावू नये, अतिशयपणा त्यात आधीच आहे.

पाचवी, ‘इज’ची. बोलताना आपण ‘नदी कोरडी’ एवढं म्हणूनही वाक्य पुरं करतो. इंग्रजीत ‘द रिव्हर ड्राय’ हे अपुरं राहतं. नळदुर्गला आलेल्या परप्रांतीय पाहुण्यांना किल्ला दाखवताना नर-मादी धबधब्याला पाणी नसेल तर ‘द वॉटरफॉल इज ड्राय नाऊ’ असं पूर्ण सांगावं, आणि पुढे जोडावं, ‘इट फ्लोज व्हेन देअर इज इनफ वॉटर इन द बोरी.’

कोश कसा पाहावा

इंग्रजी-मराठी कोशांची परंपरा मोठी आहे. मोल्सवर्थ आणि कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ साली निघाला. द्विभाषिक कोश एका शब्दापुढे अनेक प्रतिशब्द देतो, पण त्यांतला कुठला कुठे वापरायचा हे ठरवायला वाचकाला मदत लागते. ती मदत शिकणाऱ्यांसाठी बनवलेल्या कोशांत मिळते. ए. एस. हॉर्नबी हे इंग्रज शिक्षक जपानमध्ये इंग्रजी शिकवत होते. ज्यांच्या घरी इंग्रजी नाही अशा विद्यार्थ्यांची गरज ओळखून त्यांनी सहकाऱ्यांसह केलेला कोश १९४२ मध्ये जपानमध्येच प्रसिद्ध झाला. १९४८ मध्ये ऑक्सफर्डने तो काढला आणि पुढे तो जगभर पसरला. चिनी विद्यार्थ्यांसाठी त्याच्या इंग्रजी-चिनी आवृत्त्याही निघाल्या. वाशी-कळंबच्या मुलाची आणि चीनमधल्या मुलाची अडचण मुळात एकच आहे: दोघांच्याही घरी इंग्रजी नाही, दोघांनाही शब्द कुठल्या नामाशेजारी बसतो ते पुस्तकातून शिकावं लागतं.

असा कोश शाळेच्या ग्रंथालयात किंवा मोबाइलवर पाहताना पहिला अर्थ वाचून थांबू नये. प्रत्येक क्रमांकाखालचं उदाहरणवाक्य वाचावं, त्यातलं नाम वेगळं काढावं आणि वहीत तीन रकाने करावेत: जोडी, काय नाही, आणि आपल्या घरातला मराठी शब्द. तिसऱ्या रकान्यात पुस्तकी शब्द लिहू नये. आजी, आजोबा जो शब्द वापरतात तो लिहावा. भाकड, वापसा, धूळपेरणी, कोरडीठाक हे शब्द वहीत गेले की इंग्रजी शब्दाला बसायला पक्की जागा मिळते.

सराव

पुढची वाक्यं आधी स्वतः इंग्रजीत करा, मग उत्तरं पाहा.

१. बोअर एप्रिलमध्ये आटला.
२. मला दोन दिवसांपासून कोरडा खोकला आहे.
३. पेरायला जमीन फार कोरडी आहे.
४. आमची गाय भाकड आहे, पण गाभण आहे.
५. साहेब माझ्याशी कोरडं बोलले.
६. ओल्या दुष्काळात आमचं सोयाबीन गेलं.
७. यंदाचा जुलै गेल्या जुलैपेक्षा कोरडा गेला.
८. ठेकेदार आम्हाला वाऱ्यावर सोडून गेला.

उत्तरं: १. द बोअरवेल रॅन ड्राय इन एप्रिल. २. आय हॅव हॅड अ ड्राय कफ फॉर टू डेज. ३. द सॉइल इज टू ड्राय टू सो. ४. अवर काउ इज ड्राय, बट शी इज प्रेग्नंट. ५. द ऑफिसर स्पोक टू मी कोल्डली. ६. वी लॉस्ट अवर सोयाबीन टू एक्सेसिव्ह रेन. ७. धिस जुलै वॉज ड्रायर दॅन लास्ट जुलै. ८. द कॉन्ट्रॅक्टर लेफ्ट अस हाय अँड ड्राय.

पाचव्या आणि सहाव्या वाक्यात ‘ड्राय’ आला नाही, हे मुद्दाम पाहा. शब्द कुठे वापरायचा हे कळणं जितकं महत्त्वाचं तितकंच तो कुठे वापरायचा नाही हे कळणं. आठपैकी सहा बरोबर आली तर हे विशेषण तुमचं झालं असं समजा. चुकलेली वाक्यं दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहा.

शिक्षकांना एक विनंती. विरुद्धार्थी शब्दांची यादी घोकून घेण्याऐवजी आठवड्याला एकच विशेषण घ्यावं आणि वर्गातल्या मुलांकडून त्याच्या जोड्या जमवाव्यात. शेतकऱ्याच्या मुलीकडून शेतातली, दुकानदाराच्या मुलाकडून बाजारातली, आशाताईंच्या मुलीकडून दवाखान्यातली जोडी येईल. ज्या मुलाला आपलं इंग्रजी कच्चं वाटतं त्याच्याकडे अनेकदा सगळ्यात नेमका मराठी शब्द असतो, आणि तो फळ्यावर लिहिला गेला की त्याला बोलायचा धीर येतो.

‘ड्राय’ झालं की पुढच्या आठवड्यात ‘हेवी’ घ्या. ‘हेवी बॅग’ माहीत असते. तिच्याशेजारी ‘हेवी रेन’, ‘हेवी ट्रॅफिक’, ‘हेवी लॉस’, ‘हेवी स्लीपर’ या जोड्या लिहा. हवामान खात्याच्या मोजमापात २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून पुढचा पाऊस ‘हेवी’ ठरतो, त्या आकड्यापासून सुरुवात करता येईल. ‘ड्राय’साठी प्रश्न होता ‘इथे काय नाही?’, ‘हेवी’साठी विचारा, ‘इथे नेहमीपेक्षा काय जास्त आहे?’ प्रत्येक विशेषणाचा असा एक प्रश्न असतो. तो स्वतः शोधून काढलेला विद्यार्थी पुढचे शब्द कुणाच्याही मदतीशिवाय शिकू शकतो.